विम्याची भरपाई आणि सरकारी साहाय्याची उत्पन्न मर्यादा

घरातील कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर कुटुंबाला दोन ठिकाणांहून आर्थिक आधार मिळू शकतो. विम्याची रक्कम एकदाच हाती येते; निराधार अनुदान, विधवा निवृत्तिवेतन आणि स्वस्त धान्य यांसारखे शासकीय साहाय्य मात्र वर्षानुवर्षे चालते. यांपैकी अनेक योजना वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेशी बांधलेल्या आहेत. विम्याचे पैसे मिळाल्यावर ही मर्यादा ओलांडली जाते का, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांना उत्पन्नाचा दाखला काढण्याच्या वेळीच प्रथम भेटतो.

अल्प उत्पन्न गटात सर्वाधिक परिचित असलेले विमा संरक्षण केंद्र सरकारच्या, मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या दोन योजनांचे आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वार्षिक ४३६ रुपये हप्त्यावर, मृत्यूचे कारण कोणतेही असले तरी, वारसाला २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये असून अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये दिले जातात. दोन्ही योजनांत सहभागी असलेल्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला एकूण ४ लाख रुपये मिळतात.

ही मूळ रक्कम कमाई नव्हे. विमाधारकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी आयुर्विम्याची रक्कम आयकरातूनही मुक्त असते. ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या साहाय्याच्या नियमांत थेट बचतच मोजली जाते. तेथे ६,००० पौंडांपुढील बचतीमागे साहाय्यात घट होते आणि १६,००० पौंडांपुढे हक्कच संपतो. भारतातील बहुतेक योजना बचत न पाहता उत्पन्न पाहतात, त्यामुळे येथील अडचण निराळ्या वाटेने येते. रक्कम मुदत ठेवीत गुंतवली की तिच्यावर व्याज सुरू होते, आणि व्याज हे उत्पन्नच आहे. बँकेने व्याजावर कर कापला नाही म्हणजे ते उत्पन्नात धरायचे नाही, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. करपात्रता आणि योजनेची पात्रता यांची मोजमापे वेगवेगळी आहेत.

महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. योजनेत २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. व्याजदर ७ टक्के धरल्यास ४ लाखांच्या ठेवीवर वर्षाला २८,००० रुपये व्याज होते. अन्य एक रुपयाही कमाई नसली तरी त्या विधवेचे उत्पन्न मर्यादेपलीकडे जाते. या दराने ३ लाखांची ठेव हीच सीमारेषा ठरते. मृत्यू नैसर्गिक असून केवळ २ लाख मिळाले, तर व्याज १४,००० रुपये होते आणि मोलमजुरीसाठी वर्षाकाठी अवघ्या ७,००० रुपयांची जागा उरते.

हा हिशेब पुढे नेला की चित्र अधिक स्पष्ट होते. विमा नसता तर तिला अनुदानाचे १८,००० रुपये मिळाले असते. विमा असल्यामुळे अनुदान थांबले, तर व्याजाचे २८,००० रुपये हाती राहतात. मुद्दल अर्थात तिचेच आहे, परंतु वर्षाच्या आवकेत ४ लाखांनी घातलेली भर केवळ १०,००० रुपयांची ठरते. दोष विम्याचा नाही. मर्यादा तोकडी आहे. महिन्याला १,७५० रुपये मिळवणारे कुटुंब निराधार नाही, असे ही अट सांगते. त्याच राज्याच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत साहाय्य तेवढेच, दरमहा १,५०० रुपये आहे; तिथे मात्र उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे.

राज्य बदलले की त्याच रकमेचा परिणामही बदलतो. गुजरातमधील गंगा स्वरूपा योजनेत विधवांना दरमहा १,२५० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात १ लाख २० हजार, तर शहरी भागात १ लाख ५० हजार रुपये आहे. म्हणजे बडोदे किंवा सुरत येथील मराठी कुटुंबाला विम्याच्या ठेवीवरील २८,००० रुपयांच्या व्याजाची सहसा चिंता नाही; नाशिक किंवा लातूरमधील कुटुंबाला ती आहे. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांची मर्यादा आहे. गावातील कुटुंबाची मजुरी १६,००० रुपयांहून अधिक असेल, तर तेच व्याज त्याला धान्याच्या मर्यादेपलीकडेही नेते.

काही योजनांवर मात्र विम्याचा परिणाम होत नाही, कारण त्यांची पात्रता दरवर्षीच्या दाखल्यावर नव्हे, तर पूर्वी तयार झालेल्या यादीवर ठरते. आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी निवडलेली मूळ कुटुंबे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेतून आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कर्त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपयेही याच प्रकारातले. विम्याचा दावा केला म्हणून या अर्थसाहाय्याचा अर्ज करू नये, असे काही नाही. रुग्णालयाच्या बिलापोटी आरोग्य विम्याने दिलेली रक्कम तर झालेल्या खर्चाचीच भरपाई असते.

पैशातून काय खरेदी केले, यालाही महत्त्व आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या अपात्रतेच्या निकषांतून २०२४ मध्ये दुचाकी आणि शीतकपाट वगळण्यात आले, पण तीनचाकी व चारचाकी मोटार वाहन कायम राहिले. वडिलांच्या विम्याच्या पैशातून मुलाने पोटापाण्यासाठी रिक्षा घेतली, तर कुटुंब घरकुलाच्या निकषातून बाहेर पडू शकते. लाडकी बहीण योजनेतही ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन असलेले कुटुंब अपात्र ठरते. याउलट सावकाराचे कर्ज फेडले किंवा गळके छप्पर दुरुस्त केले, तर त्या पैशातून कोणतेही नवे उत्पन्न निर्माण होत नाही.

रस्ते अपघाताच्या भरपाईत व्याज टाळणे कुटुंबाच्या हाती नसते. वाहनाच्या विमा कंपनीकडून येणारी ही रक्कम खर्च होऊन जाऊ नये, म्हणून अज्ञान मुले व निरक्षर वारसांचा वाटा दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९३ मध्ये दिले. अशा ठेवीचे व्याज कुटुंबाला ठराविक काळाने मिळत राहते. संरक्षणासाठी केलेली ही तजवीज उत्पन्नाच्या रकान्यात नियमित आकडा आणून ठेवते. मृताचा आयुर्विमा होता म्हणून अपघाताची भरपाई कमी करता येत नाही, हेही न्यायालयाने महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाशी संबंधित प्रकरणात १९९८ मध्ये स्पष्ट केले आहे.

विम्याचे पैसे बँकेच्या पुस्तकात एकरकमी जमा दिसतात, त्यामुळे तलाठ्याच्या चौकशीत मुद्दलच उत्पन्न समजले जाण्याचा धोका राहतो. यासाठी विमा कंपनीचे दावा मंजुरीपत्र, मृत्यूचा दाखला आणि बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडावे. मुद्दल आणि व्याज हे आकडे स्वयंघोषणापत्रात वेगवेगळे लिहिणे इष्ट. व्याज दडवणे मात्र महागात पडते: खोटी माहिती उघड झाल्यास अनुदान बंद होतेच, शिवाय आधी मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते. नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढताना ठेवीतून किती रक्कम काढली आणि व्याज किती उरले, याचा ताजा हिशेब द्यावा, कारण मागील वर्षी मर्यादेबाहेर गेलेले कुटुंब यंदा पुन्हा मर्यादेत आलेले असू शकते.