हेमलकशाची हिवाळी शाळा

गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा ज्यांनी बारकाईने पाहिला असेल, त्यांना दक्षिण भागात भामरागड हे नाव आढळले असेल. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तेथे संगम होतो आणि पलीकडे छत्तीसगडचे अरण्य सुरू होते. 1982 साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख चांदा, म्हणजेच चंद्रपूर, जिल्ह्यातच मोडत असे. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी चांद्याचे नाव ऐकले असेल ते तेथील धर्मप्रांतामुळे. 1962 साली केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील धर्मगुरूंकडे हे मिशनक्षेत्र सोपविण्यात आले होते. आजचा आमचा विषय मात्र त्याच अरण्यातील एका वेगळ्या शाळेचा आहे. ती मिशनची शाळा नव्हे. पण आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी शिबिरे भरतात, सेवेचे कार्यक्रम आखले जातात, म्हणून तिचा इतिहास आपण जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या जंगलात सहलीला गेले. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांचे वीस वर्षांचे काम त्यांच्या पाठीशी होते. तेथे त्यांना अंगावर पुरेसे वस्त्र नसलेले माडिया गोंड दिसले. परक्या माणसाची चाहूल लागताच ही माणसे जंगलात पळून जात. पुढे शासनाकडून जागा मिळाली आणि 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. आनंदवनातून आलेल्या कार्यकर्त्यांनी जंगल साफ करून पहिल्या झोपड्या उभ्या केल्या. यात बरे झालेले कुष्ठरुग्णही होते, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. समाजाने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांनीच समाजाने न पाहिलेल्या माणसांसाठी पहिले छप्पर घातले. 1974 पासून डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे वास्तव्यास गेले. त्यासाठी प्रकाशरावांनी शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडले होते.

हिवाळा म्हटला की आपल्याला स्वेटर, तिळगूळ आणि नाताळची गोशाळा आठवते. भामरागडच्या हिवाळ्याचे रूप निराळे होते. पांघरूण नसल्यामुळे माणसे आगीच्या अगदी कडेला झोपत, आणि झोपेत कूस बदलताना निखाऱ्यावर जात. दवाखान्याच्या आरंभीच्या रुग्णांत अशा भाजलेल्यांची संख्या मोठी होती. फेफऱ्याचा झटका येऊन आगीत पडलेला एक रुग्ण गावाने मरणाच्या वाटेवरचा म्हणून सोडून दिला होता. तो बरा होऊन चालू लागला, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. विश्वास असा एकेका माणसाने वाढत गेला.

शाळा सुरू झाली 1976 साली. दवाखान्याला दोन वर्षे होऊन गेली होती आणि एक गोष्ट स्पष्ट झाली होती. माडियाला औषध देता येते, पण जंगल ठेकेदाराचा कारकून किंवा कोणी सरकारी शिपाई त्याच्याकडून अंगठा उठवून घेतो, तेव्हा त्याच्या बाजूने कोण वाचणार? लिहिता-वाचता येणारे माणूस त्याच्याच घरातले असले पाहिजे, हे कारण फार थेट होते. गोपाळ फडणीस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शाळेची धुरा वाहिली. मुले गोळा करण्यासाठी पाड्यापाड्यांतून पायपीट करावी लागे. आणलेली मुले टिकत नसत. संधी मिळताच ती जंगलवाटेने आपल्या घरी पळून जात.

या पळून जाण्याला कोणी आळस म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. माडिया ही द्रविड कुळातील बोली आहे. तिचे नाते गोंडीशी आणि तेलुगूशी आहे, मराठीशी नाही. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडी वळणाच्या भाषांत पुल्लिंगी आणि पुल्लिंगी नसलेले असे दोनच वर्ग मानतात. मग ‘तो दगड’, ‘ती भिंत’, ‘ते झाड’ या भेदाचे त्या मुलाने काय करावे? त्यातून पाठ्यपुस्तकातले अननस त्याने कधी पाहिलेले नाही, आगगाडी नाही, समुद्र तर नाहीच. जे मूल पन्नास झाडे पानांवरून ओळखते, ते वर्गात बसले की अडाणी ठरते! सात-आठ वर्षांच्या मुलाने अशा जागेतून पळ काढला, तर त्यात नवल कसले? हेमलकशाच्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतः माडिया शिकून घेतली. मूल मराठी शिकण्यापूर्वी गुरुजी माडिया शिकले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता हिवाळ्याविषयी. पावसाळ्यात नाले फुगतात, वाटा बंद होतात आणि पाठोपाठ मलेरिया येतो. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून भामरागडचा संपर्क तुटल्याची वृत्ते अलीकडच्या पावसाळ्यांतही वाचावयास मिळाली आहेत. मार्चपासून मोहफुले वेचायची, मेमध्ये तेंदूपाने तोडायची. त्या दिवसांत घराला प्रत्येक हात हवा असतो, लहानाचाही. धानाची कापणी-मळणी उरकल्यानंतर आणि मोह गळू लागण्यापूर्वी जे दोन-तीन महिने मिळतात, तेच या मुलखातील शाळेचे खरे सुगीचे दिवस! शहरातील वेळापत्रक जसेच्या तसे अरण्यात लावणाऱ्यांना हे उमजायला वेळ लागतो.

आणि शिकायचे म्हणजे केवळ पाटीवर नव्हे. निवासी शाळेत झाडलोट, भाजीपाल्याची बाग, पाणी भरणे ही कामे मुलांच्या दिनक्रमाचाच भाग असतात. या विचाराचे मूळ विदर्भातच आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. ‘नई तालीम’ देशाच्या बहुतेक भागांत कागदावरच राहिली. तिचा अंश टिकला तो अशा आडबाजूच्या शाळांत. आपल्या ठाणे-पालघरच्या वाचकांना या ठिकाणी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतील. 1945 साली बोर्डीला सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम याच जातीचे. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणावर नेली, अशी त्यांची ‘कुरणशाळा’.

हेमलकशात शिक्षणाचा आणखी एक वर्ग आपोआप उघडला, तो प्राण्यांचा. शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू प्रकाशरावांनी पाहिले आणि ते मागून घेतले. पुढे लोकांना सांगण्यात आले, की पोरकी पिल्ले मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य-कापड घेऊन जा. बिबटे, अस्वले, हरणे असा मोठा परिवार जमला. भुकेपोटी शिकार करणाऱ्यांची मुले त्याच पशूंच्या सान्निध्यात वाढू लागली. जंगल वाचवा, असे सांगणारी भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. हा उपाय अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात भुकेची दखल घेतलेली होती.

डॉक्टर दांपत्याने आपली मुलेही याच शाळेत घातली. वेगळी शाळा जवळपास नव्हती, हे खरे. तरीही दात्याचे मूल आणि घेणाऱ्याचे मूल एकाच चटईवर बसले, की ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो. पहिल्या काळात आलेल्या विद्यार्थ्यांतून पुढे डॉक्टर झाले, शिक्षक झाले, आणि काहीजण त्याच प्रकल्पात कामाला लागले. 2008 साली डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाबा निवर्तले.

पुरस्कारानंतर, आणि 2014 च्या चित्रपटानंतर तर अधिकच, हिवाळ्याच्या सुट्टीत तिकडे पाहुण्यांची रीघ लागली. आमच्या धर्मग्रामातूनही एकदा बस न्यावी अशी सूचना युवकांच्या सभेत आली होती. दोन दिवसांत प्राणी पाहावेत, मुलांना खाऊ वाटावा, छायाचित्रे काढावीत आणि परतावे, असा बेत होता. आम्ही बेताला विरोध केला नाही. एवढेच विचारले, की खाऊ घेणाऱ्या मुलाला आपण कोणत्या भाषेत नमस्कार करणार? सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एका मुलीने ‘जोहार’ हा शब्द सांगितला. तो तिने पुस्तकात वाचला होता.

घरापासून दूर नेणारी शाळा, मग ती कितीही मायेची असो, मुलाकडून काहीतरी काढून घेते. सुटीत घरी गेलेल्या मुलाला पंडुमाच्या, म्हणजे सणाच्या, रात्रीची गाणी येत नसतील तर त्याचे वाचन कोणत्या खात्यात मांडावे, हा प्रश्न निवासी शाळा चालविणाऱ्या सर्वांपुढे आहे, आपल्या वसतिगृहांपुढेही. हेमलकशाच्या दुसऱ्या पिढीने त्याला आपल्यापरीने उत्तर शोधले आहे. अनिकेत आणि समीक्षा आमटे यांच्या पुढाकाराने 2015 साली भामरागड तालुक्यातीलच नेलगुंडा या गावी साधना विद्यालय ही लहानशी शाळा सुरू झाली. मूल उचलून आणण्याऐवजी शाळाच त्याच्या गावात नेली गेली. प्राथमिक इयत्तांचे मूल तेथे दुपारपर्यंत शिकते आणि संध्याकाळी आपल्या आईजवळ, आपल्या बोलीत, बोलत बसते.