बोरघाटाची कसोटी

मोटारीचा शौक असलेल्या लोकांत दोन पंथ फार जुने आहेत. एकाचे म्हणणे असे की, इंजिनाची खरी परीक्षा वेगात होते. शर्यतीत जे यंत्र टिकले तेच उद्या गृहस्थाच्या दाराशी उभे राहण्यास योग्य. दुसऱ्याला शर्यत हा निव्वळ धनिकांचा उन्माद वाटतो. जे इंजिन ऊन, धूळ आणि चढ यांत न थांबता चालते, ज्याच्या धन्याला वाटेत अंगरखा काढून खाली निजावे लागत नाही, तेच त्याच्या मते उत्तम. हा वाद युरोपात जन्मला हे खरे. तथापि त्याचा निकाल लावण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या सह्याद्रीत झाला, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या पुष्कळ मोटारधारकांनाही ठाऊक नसते.

इसवी सन १९०३ च्या मे महिन्यात पॅरिसहून माद्रिदपर्यंत मोटारींची शर्यत निघाली. रस्त्याच्या दुतर्फा लोकांची दाटी, मधून अंध करणारी धूळ, आणि तीतून बेभान धावणाऱ्या अवाढव्य गाड्या! मार्सेल रेनोसारखा नाणावलेला चालक तीत प्राणास मुकला, बघ्यांपैकीही काहींचे बळी गेले, आणि शर्यत बोर्डो येथेच थांबवावी लागली. इंग्लंडात तर त्याच वर्षीच्या कायद्याने रस्त्यावरील वेग ताशी वीस मैलांवर बांधून टाकला. तेव्हा मोटारी बनविणाऱ्यांनी आपला माल लोकांच्या नजरेत भरवावयाचा कसा? यातून 'विश्वसनीयतेची चाचणी' हा प्रकार पुढे आला. तीत प्रथम कोण पोहोचला याला महत्त्व नसे. गाडी वाटेत आपण होऊन किती वेळा थांबली, दुरुस्तीस किती वेळ गेला, याचा हिशेब ठेवीत आणि प्रत्येक अनैच्छिक थांब्याचे गुण कापीत. हिंदुस्थानातही १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईपर्यंत अशी एक चाचणी निघाली होती. परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची चाचणी म्हणजे १९०८ सालची मुंबई-कोल्हापूरची. 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या मोटारधारकांच्या संस्थेने ती भरविली होती.

मुंबईहून कोल्हापूरचे अंतर सरळ रस्त्याने अडीचशे मैलांच्या आतबाहेर. चाचणीचा पल्ला मात्र ६२० मैलांचा सांगतात, आणि वाटेत सहा घाट. म्हणजे जाणेयेणे धरूनही बरीच वाकडी वाट मुद्दाम घेतलेली असली पाहिजे. सहांपैकी काही घाट तर कोल्हापूरच्या वाटसरूला चुकतच नसत. प्रथम बोरघाट, तेथील गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झाला, तो बैलगाड्यांसाठी आणि पलटणींसाठी. पुण्याबाहेर पडताच कात्रज, आणि शिरवळ मागे टाकल्यावर खंबाटकी. या रस्त्यांच्या आखणीत मोटारीचा विचार असणे शक्यच नव्हते.

घाट इंजिनाला एवढा जड का जातो, हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. सपाटीवर गाडी वेगाने जाते तेव्हा समोरचा वारा पाण्याच्या पेटीवर आदळून तिला थंड करतो. चढावर गाडी मंद होते, वारा नाहीसा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाला सर्वांत अधिक पेट्रोल जाळावे लागते. उष्णता जास्त आणि गारवा कमी, अशा पेचात पाणी उकळू लागते. त्यात तेल पातळ होऊन बेअरिंगे कोरडी पडली की यंत्र जागच्या जागी धरलेच म्हणून समजावे. उतरणीचे संकट निराळे. त्या काळच्या गाड्यांना ब्रेक मागच्याच चाकांना असत. लांब उतारावर ते तापून निकामी होण्याची भीती मोठी. श्रोत्यांपैकी ज्यांनी भर उन्हाळ्यात खंडाळ्याच्या वळणावर झाकण उघडून वाफ सोडीत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या असतील, त्यांना १९०८ च्या चालकाची अवस्था अधिक सांगावयास नको.

या चाचणीत नाव मिळविले ते रोल्स-रॉईसच्या एका गाडीने. तिचे धनी होते फ्रँक नॉरबरी, आणि गाडीचे नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचे मोती'. सहाही घाट चढून-उतरून ६२० मैलांत ती एकदाही आपण होऊन थांबली नाही, अशी तिची ख्याती आहे. पुढे ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यांनी ती विकत घेतली. कंपनीनेही या विजयाचा डंका पिटण्यात कसूर केली नाही. घाट आमचे आणि जाहिरात त्यांची, असा हा सौदा होता!

तथापि त्या इंजिनात कौतुक करण्याजोगे होते, हे नाकारून चालणार नाही. चार सिलिंडरांचे इंजिन चांगले की सहांचे, हा त्या काळी शौकिनांत कडाक्याचा वाद होता. सहा सिलिंडर असले की शक्तीचे ठोके एकमेकांत मिसळतात आणि गाडी दुधावरच्या सायीसारखी चालते, असे एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष दाखवून देई की, सहा सिलिंडरांसाठी जो लांब दांडा लागतो, त्याला पीळ पडून विशिष्ट वेगावर सारी गाडी थरथरते. नेपियर कंपनीच्या पहिल्या सहा-सिलिंडरी गाड्यांत हा दोष होताच. १९०६ साली तिबेटात प्रवास केलेले कॅप्टन डीझी यांनी आपली चार सिलिंडरांची मार्टिनी गाडी घेऊन रोल्स-रॉईसच्या क्लॉड जॉन्सन यांना स्कॉटलंडातील चाचणीत आव्हान दिले. 'सिलिंडरांची लढाई' म्हणून ती प्रसिद्ध आहे. तीत जॉन्सन जिंकले. त्याच सालच्या अखेरीस हेन्री रॉईस यांनी नवे ४०/५० अश्वशक्तीचे इंजिन मांडले. त्याचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन संचांत होते, आकार सात लिटरांहून थोडा अधिक होता, आणि जाड दांड्याला सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार होता. तेल दाबाने पोहोचविण्याची व्यवस्था होती. दांडा जाड केल्याने पीळ गेला, आणि पीळ गेल्याने आवाज गेला. म्हणूनच पुढे या साऱ्या जातीला 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे 'रुपेरी भूत' हे नाव चिकटले.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. या इंजिनात प्रत्येक सिलिंडराला ठिणगीचे दोन प्लग होते. एकाला वीज मॅग्नेटोतून मिळे, दुसऱ्याला बॅटरीच्या कॉइलमधून. हेतू सरळ होता: एक व्यवस्था वाटेत रुसली तर दुसरीवर गाडी घरी यावी.

चाचणीला यश आले, पण ते कोणाचे? घाटात राबणारा रस्ता येथला, धूळ खाणारी गावे येथली, चिखलातून गाडी ढकलणारे हातही येथलेच; इंजिनाचा एक स्क्रूदेखील येथला नव्हता. संस्थानिकांनी गाड्या घेतल्या, काहींनी त्यांना सोन्याचांदीने मढविले, परंतु त्या पैशातून इंजिनाचा कारखाना उभा राहिला नाही. मोटारीच्या त्या पहिल्या पिढीवरचा हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

घाटाने मोटारीपुढे हात टेकले याचा पुरावा मात्र बावीस वर्षांनी निराळ्याच प्रसंगी मिळाला. १९३० च्या ५ मे रोजी मध्यरात्रीनंतर कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली. त्यांना आगगाडीने बोरिवलीपर्यंत आणले; तेथून मात्र पडदे ओढलेल्या मोटारीतून घाट चढवून त्याच सकाळी येरवड्याच्या तुरुंगात पोहोचविले. मुंबई-पुण्याच्या दरम्यान लोहमार्ग होता, विजेच्या गाड्यांची तयारी झालेली होती, १ जूनला डेक्कन क्वीन सुरू व्हावयाची होती. असे असता सरकारने स्टेशनावरील गर्दी टाळण्यासाठी, त्यावेळच्या आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कैद्याला मोटारीच्या भरवशावर घाटात सोडले. १९०८ साली जी गोष्ट करंडक देण्याजोगी होती, ती १९३० साली पोलिसांच्या नित्याच्या बेतात बसून गेली होती.

आणि त्याच येरवड्यात, त्याच वर्षी, यंत्राची एक वेगळी कसोटी चालू होती. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी पाहाव्या तर मोटारीच्या चाचणीचीच आठवण व्हावी: आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, झोपडीत एका स्त्रीला फारसे श्रम न होता सलग चालविता यावा, आणि मोडतोड अल्प व्हावी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात यासाठी एक यंत्र खटपटीने तयार झाले. पण ते सर्व अटींस उतरले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. गांधींनी तुरुंगात पेटीत मिटणारा जो चरखा सिद्ध केला, तो 'येरवडा चक्र' म्हणून प्रसिद्धच आहे. त्यात मोठे चाक लहान चाकाला आणि लहान चाक चातीला फिरविते. म्हणजे वेग वाढविण्याची योजना तत्त्वतः गियरांचीच. मोटारीचा शौकीन हे वाचून हसेल. पण चालविणारा कोण, दुरुस्त करणारा कोण आणि परवडणार कोणाला, हे तीन प्रश्न त्या चरख्याच्या अटींत जितके स्पष्ट लिहिले होते, तितके मोटारींच्या चाचणीत कधीच लिहिले गेले नाहीत.

१९४२ च्या ९ ऑगस्टला गांधींना पुन्हा येरवड्यास आणले, यावेळी आगाखान पॅलेसमध्ये. मुंबईहून निघालेली आगगाडी चिंचवडला थांबवून तेथून त्यांना मोटारीने नेले. चिंचवड तेव्हा लहानसे स्टेशन होते. आडबाजूला म्हणून निवडलेल्या याच मुलखात पुढच्या पंचवीस वर्षांत इंजिनांची वसाहत उठली. १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना निघाला. आकुर्डीस बजाजची स्कूटर आली. १९६६ पासून पिंपरीस टेल्कोने पाय रोवले. त्याआधी साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी डिझेल इंजिने तयार करून दाखविली होती. १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री झालेले तेच हे कूपर. म्हणजे येथल्या माणसाने प्रथम जे इंजिन घडविले ते शर्यतीचे नव्हते, शेतकऱ्याच्या विहिरीवरचे होते. १९६६ सालीच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि तिची प्रयोगशाळा पुण्यात वेताळ टेकडीवर उभी राहिली. पूर्वी जे काम खंबाटकीचा चढ करी, ते आता बंद खोलीतील मापनयंत्र करू लागले. तेथे धूर मोजतात, शक्ती मोजतात, आणि ऊनपाऊसही हवा तेवढाच देतात.

पुण्यातील शौकिनांचा पुढचा मोठा वाद दोन स्ट्रोकच्या इंजिनाचा. त्यात झडपा नाहीत, भाग थोडे, दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणून हलके, स्वस्त आणि चपळ. परंतु त्याच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते, आणि न जळलेल्या मिश्रणाचा काही अंश धुरासवे तसाच बाहेर जातो. स्कूटर आणि १९७२ साली आलेली लुना याच जातीच्या इंजिनावर चालत. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि ही जात मागे हटली. तिचे चाहते आजही तिच्या आवाजासाठी हळहळतात. १९०८ सालच्या शौकिनाला मात्र आवाज नसणे हीच श्रीमंतीची खूण वाटे! फॉर्म्युला वन शर्यतींत २०१४ पासून १.६ लिटरचे आणि विजेची जोड असलेले इंजिन आले. त्याने इंधनातील उष्णतेचा जवळजवळ अर्धा भाग कामास लावून दाखविला, जे सामान्य पेट्रोल इंजिनाला साधत नाही. तरी प्रेक्षकांची तक्रार एकच, की पूर्वीची गर्जना गेली. कानाचा शौक आणि यंत्राचा गुण या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे तरी या तक्रारीवरून दिसते.

शर्यतीशी या परिसराचा थेट संबंध उशिरा आला. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिकच्या रॅलींत उतरले. बजाजने २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत १४.५ टक्के भाग घेतला. डकारच्या वाळवंटी रॅलीत मोटारसायकलींचा मान २००१ पासून २०१९ पर्यंत अखंडपणे याच कंपनीकडे होता. २०१५ साली सी. एस. संतोष हे डकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, तेही केटीएमवरच.

परंतु इंजिनाच्या इतिहासात आकुर्डीची खरी नोंद होईल ती दोन प्लगांमुळे. २००३ साली बजाजने पल्सर मोटारसायकलीच्या एकाच लहान सिलिंडराला ठिणगीचे दोन प्लग बसविले. नॉरबरींच्या गाडीतील दुसरा प्लग पहिल्याचा जामीन होता. येथे दोन्ही आपापल्या बाजूने ज्वाला पेटवितात, तिला कापावयाचे अंतर कमी होते, आणि पेट्रोल कमी असलेले मिश्रणही लवकर व पूर्ण जळते. या रचनेच्या पेटंटवरून २००७ साली बजाज आणि दक्षिणेतील टीव्हीएस यांच्यात मद्रासच्या न्यायालयात खटला उभा राहिला. मोठ्या इंजिनांत दोन प्लग पूर्वीपासून होते, मग लहान सिलिंडरात ते बसविणे हा नवा शोध की नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००९ च्या सप्टेंबरात त्याने असे दावे लवकर निकालात काढावे असे बजावले आणि मधल्या काळात टीव्हीएसला हिशेब ठेवून गाड्या विकण्याची मुभा दिली. शेवटी २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी आपसात तडजोड केली.