हिमाच्या गणिताचं कूळ

डिस्नेचा ‘फ्रोझन’ 2013 साली आला. त्यातलं हिम पाहून योहान गोम हा हिमस्खलनाचा अभ्यासक चक्रावला. त्याने थेट ते हिम घडवणाऱ्यांचा माग काढला आणि पुढे लॉस एंजेलिस गाठलं.

चक्रावण्यासारखंच होतं ते. हिम मुठीत दाबलं की घट्ट होतं, फेकलं की फुटतं आणि उतारावरून सुटलं की पाण्यासारखं धावतं. घनपदार्थाची समीकरणं लावावीत तर ते वाहतं, द्रवाची लावावीत तर ते ढीग करून बसतं.

तोड निघाली ती अणुबॉम्बच्या माहेरी. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत 1950च्या दशकात फ्रान्सिस हार्लो यांनी प्रवाहांचं गणित मांडण्यासाठी कण आणि जाळी यांची सांगड घातली. वस्तुमान आणि वेग कणांपाशी ठेवायचे, बलांचा हिशेब जाळीवर करायचा. रांगोळीचे ठिपके काम झाल्यावर पुसावेत, तशी जाळी दर टप्प्याला पुसून नव्याने मांडायची. कण तेवढे पुढे जातात. त्याच न्यू मेक्सिको राज्यातल्या विद्यापीठात डेबोरा सल्स्की, झेन चेन आणि हॉवर्ड श्रायर यांनी 1994 साली ही रीत घनपदार्थांना लावली. आता प्रत्येक कण आपण किती दाबले गेलो, किती ताणले गेलो, याची नोंदही बाळगू लागला.

हिमाला नेमकं हेच हवं होतं. ‘फ्रोझन’मधलं हिम घडवणाऱ्या अलेक्सी स्तोमाखिन, जोसेफ टेरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013च्या शोधनिबंधात हिमाचा स्वभाव मोजक्या आकड्यांत बसवला. त्यांच्या नेहमीच्या हिमात सुमारे अडीच टक्के दबेपर्यंत कण मूळ आकाराला परततो, त्यापलीकडे तो कायमचा दबतो आणि कडक होतो. ताण मात्र पाऊण टक्काच सोसतो, मग तुटतो. आकडे थोडे हलवले की तेच हिम ओलं, भुरभुरीत किंवा टणक होतं. माझ्या मते सगळ्या कारागिरीतली खरी अक्कल इथे आहे.

गोम आणि टेरान यांनी इतरांसह 2018 साली हीच रीत डोंगरउतारावर नेली. वरच्या घट्ट थराखालचा कमकुवत थर एका जागी कोसळला की भेग कशी पसरत जाते आणि अख्खा थर कसा सुटतो, हे त्यांनी संगणकावर दाखवलं.

पुढे 2021 साली गोम आणि अलेक्झांडर पुझरिन यांनी द्यातलोव खिंडीचं प्रकरण हाती घेतलं. उरल पर्वतात 1959च्या फेब्रुवारीत 9 गिर्यारोहक मरण पावले होते. काहींच्या बरगड्या आणि कवट्या फुटल्या होत्या. तंबूसाठी उतार कापला, वाऱ्याने वर हिम साचवलं आणि काही तासांनी छोटा थर सुटला, असं त्यांनी मांडलं. हिमाचा मारा संगणकावर मोजला. शरीर किती सोसतं हे ताडायला जनरल मोटर्सने सुरक्षापट्ट्यांसाठी मृतदेहांवर केलेल्या जुन्या चाचण्या वापरल्या. अशा जखमा लहानशा स्खलनानेही होऊ शकतात, एवढंच त्यातून दिसलं. सगळं गूढ उकललं, असा दावा त्या दोघांनीही केलेला नाही.