तुरुंग, चावी आणि समंध : वसईचा कोट व गॉथिक कथानक

गेल्या सत्रात आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने मजकडे एक आराखडा तपासावयास आणून दिला. हा विद्यार्थी विरारचा. आराखडा एका व्हिडिओ गेमच्या कथानकाचा होता आणि कथानक वसईच्या किल्ल्यात घडणारे होते. नायक पावसाळी रात्री पडक्या कोटात अडकतो. बुरुजाखालच्या भुयारात त्यास एकामागून एक जुनी पाने सापडतात. पानांवरून त्यास समजते की, इन्क्विझिशनच्या काळी येथे एक क्रूर पाद्री होता, त्याची छळकोठडी होती, तिच्या तळाशी सोने पुरले आहे आणि तो पाद्री अद्याप त्याचा पहारा करीत आहे. वर्गात हे वाचून दाखविले असता बहुतेकांस ते आवडले. वसई गावातील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने मात्र सरळ विचारले, "हा पाद्री कुठला? आमच्या आजीच्या गोष्टींत किल्ल्यातला पाद्री आहे, पण तो असा नाही."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. प्रस्तुत टिपण हे त्या उत्तराचा एक प्रयत्न होय. विषय व्हिडिओ गेमचा असल्याने तो आपल्या पत्रिकेच्या प्रतिष्ठेस साजेल की नाही अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या साहित्यप्रकारातून हे खेळ निघाले तो अडीचशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा वसईशी संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

गॉथिक कथेचा आरंभ होरेस वॉल्पोल ह्याच्या 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' (1764) ह्या कादंबरीपासून मानतात. जुना गढ, हरवलेला खरा वारस, पूर्वजाचे पाप आणि ते उघड करणारे अमानुष चमत्कार ही तिची सामग्री. आजचे भयप्रधान संगणकीय खेळ हीच सामग्री वापरतात. फरक एवढाच की, वाचकाच्या जागी खेळाडू स्वतः दार उघडतो. स्वीडनमध्ये तयार झालेला 'अम्नेशिया : द डार्क डिसेंट' (2010) हा त्यांतील नमुनेदार खेळ. 1839 साल, प्रशियातील ब्रेनेनबर्ग नावाचा गढ, डॅनियल नावाचा तरुण इंग्रज तेथे जागा होतो तो सारे विसरून. त्याच्या हाती स्वतःच्याच अक्षरातील पत्र येते: विसरण्याचे औषध मी जाणूनबुजून घेतले आहे, तू खाली उतर आणि गढाचा धनी अलेक्झांडर ह्यास ठार कर. खाली उतरता उतरता रोजनिशीची पाने मिळत जातात. अल्जीरियातील एका थडग्यातून त्याने एक गोल आणला होता व तेव्हापासून एक छाया त्याच्या मागे लागली होती. तिच्यापासून रक्षण करण्याचे वचन अलेक्झांडरने दिले आणि त्याच्या मोबदल्यात बंदीवानांचा छळ करविला. तो छळ करणारे हात डॅनियलचेच होते. म्हणजे खेळाडू ज्या राक्षसी कृत्यांचा शोध घेत असतो ती त्याची स्वतःची निघतात. ह्या प्रकारातील उत्तम कथानके भीती बाहेरून आत आणतात ती अशी. मला स्वतःला हा खेळ खेळता आला नाही, हात कापतात. विद्यार्थ्यांनी खेळताना मी शेजारी बसून पाहिला.

आता त्या पाद्र्याकडे वळू. पहिल्या पिढीची इंग्रजी गॉथिक कादंबरी प्रॉटेस्टंट लेखकांनी लिहिली आणि तिचे भयस्थान बहुधा कॅथलिक मठ हेच असे. लुइसच्या 'द मंक' (1796) मध्ये अधःपतित संन्यासी आहे, ॲन रॅडक्लिफच्या 'द इटालियन' (1797) मध्ये इन्क्विझिशनच्या कोठड्या आहेत. पडका मठ, बुरखा घातलेली आकृती, भिंतीआड कण्हणे, ही दृश्ये इंग्लंडच्या धार्मिक इतिहासातून आली. तेथे मठ सोळाव्या शतकात राजाज्ञेने मोडले गेले होते आणि त्यांचे अवशेष शेतांत उभे होते. आमच्या विद्यार्थ्याचा पाद्री ह्या कुळातला. तो वसईत जन्मला नाही. तो चित्रपट आणि खेळ ह्यांच्या वाटेने लंडनहून आला.

परंतु एवढे म्हणून थांबणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. कारण गॉथिक कथेला साजेल अशी एक खरी घटना वसईच्या कोटात घडलेली आहे. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणला राहत असे. धर्मविषयक काही बोलण्यावरून 1673 च्या ऑगस्टात त्यास दमणमध्ये पकडण्यात आले. इन्क्विझिशनचे न्यायासन वसईत नव्हते. ते 1560 पासून गोव्यात होते आणि उत्तरेकडील ठाण्यांत त्याचे प्रतिनिधी असत. म्हणून आरोपीस गोव्यास नेणे भाग होते. 1674 च्या जानेवारीत गलबतातून नेताना देलाँ व त्याचे सोबती ह्यांस वसईस उतरवून काही दिवस तेथील तुरुंगात ठेवले व मग गोव्यास पाठविले. 1676 मध्ये त्यास शिक्षा झाली, पुढे लिस्बनमध्ये सुटका झाली आणि 1687 मध्ये त्याने आपली हकीगत प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी भाषांतर वर्षभरात निघाले. अ. का. प्रियोळकर ह्यांनी आपल्या 'द गोवा इन्क्विझिशन' (1961) ह्या ग्रंथात ती उपलब्ध करून दिली आहे; आपल्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. इन्क्विझिशनच्या कोठडीचे जे चित्र युरोपच्या वाचकाच्या मनात ठसले त्यात ह्या पुस्तकाचा वाटा आहे. म्हणजे वसईच्या तुरुंगातून गेलेला मनुष्य त्या चित्राचा एक कर्ता आहे, आणि तेच चित्र साडेतीन शतकांनी विरारच्या मुलाच्या आराखड्यात परत आले. छळकोठडी वसईत नव्हती. वसई हे वाटेवरचे ठाणे होते. परंतु वाटेवरचे ठाणे हेही, विचार केल्यास, काही कमी भयंकर नव्हे.

मी वर 'तुरुंग' हा शब्द वापरला. तो पोर्तुगीज 'त्रोंकु' ह्या शब्दापासून आलेला आहे; मूळ अर्थ लाकडाचा ओंडका, त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा आणि त्यावरून बंदिशाळा. 'चावी' हा शब्द 'शाव्ह' पासून, 'बिजागरी' ही 'बिझाग्रा' पासून. सेबास्तियाँव रोदोल्फो दालगाद ह्यांनी 1913 साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश प्रसिद्ध केला त्यात अशा शब्दांचा मोठा संग्रह आहे. गॉथिक कथेच्या बंद दाराचा विचार केला तर गंमत दिसते: दार संस्कृतातून आलेले, कुलूप अरबीतून, चावी आणि कुरकुरणारी बिजागरी पोर्तुगिजांची, आणि दारामागचा तुरुंगही त्यांचाच. (किल्ली आपल्याकडे होतीच, पण ती चावीने मागे सारली.) भयकथेचे नेपथ्य पुरविणारे शब्द मराठीस वसईसारख्या ठाण्यांतूनच मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

भुयाराची गोष्ट मात्र निराळी आहे. आराखड्यातील भुयार लपविण्यासाठी आहे. वसईच्या इतिहासात निर्णायक ठरले ते खणकाम उडविण्यासाठी होते. चिमाजी आप्पांच्या सैन्याने 1739 च्या फेब्रुवारीपासून कोटास वेढा दिला आणि मे महिन्यात सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून तटास खिंडार पाडले. त्यानंतर किल्ला शरण आला. 'सुरुंग' हा शब्द संस्कृत 'सुरुङ्गा' वरून आला, व तो स्वतः ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, बोगदा ह्यावरून आला असे मत विद्वानांनी मांडले आहे. अर्थशास्त्राच्या कालनिर्णयाच्या वादात त्याचा उपयोग करण्यात आला होता. मराठीत ह्या शब्दाने पोकळीपेक्षा स्फोटाचा अर्थ अधिक धारण केला, आणि त्याबरोबर वसईही मराठी मनात रहस्याची जागा न राहता विजयाची जागा झाली. बखरी आणि पोवाडे ज्या किल्ल्याविषयी बोलतात तेथे जिंकणारा असतो, हरणारा असतो, भूत नसते.

ह्या 'भूत' शब्दाविषयी एक इशारा. भूत म्हणजे पिशाच आणि भूतकाळ म्हणजे गेलेला काळ, ह्या साम्यावर लेखक मंडळी वारंवार कोटी करतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती नीट टिकत नाही: 'भूत' म्हणजे जे झाले ते, आणि पिशाचाचा अर्थ 'अस्तित्वात असलेला जीव' ह्या वाटेने आला, गतकाळाच्या वाटेने नव्हे. आमच्या कामास त्याहून 'समंध' हा शब्द अधिक उपयोगी आहे. तो उघडच 'संबंध' ह्या शब्दाचे लोकरूप आहे. लोकसमजुतीप्रमाणे जो निर्वंश मेला, ज्याचे क्रियाकर्म झाले नाही, ज्याचा जीव धनात किंवा घरात अडकला, तो समंध होतो. मुंजाही तसाच: मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. जॅक्सनने शाळामास्तरांकडून जमविलेली व एंथोव्हेनने 1915 मध्ये संपादित करून छापलेली कोकणाची लोकसमजुतींची टिपणे चाळली तर दिसते की, बहुतेक पिशाचांची ओळख नाते, जात आणि अपुरा राहिलेला संस्कार ह्यांवरून होते. आपले भूत एखाद्या जागेला धरते ते त्या जागेवर त्याचा हक्क असतो म्हणून. अनोळखी वाटसरूस धरलेच तरी 'तू कोण, कोणाचा' हा प्रश्न आधी विचारला जातो.

म्हणूनच मराठी मातीतले गॉथिक किल्ल्यात न रुजता वाड्यात रुजले. एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबऱ्या, हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (1861), रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (1868), ह्यांचा प्रवास येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. आणि गुंजीकरांच्या 'मोचनगड' (1871) मध्ये गड आला तो इतिहासाच्या अंगाने. पुढे नारायण धारप ह्यांनी पाश्चात्त्य भयकथेचे मराठीकरण केले. धारपांच्या कथांतून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे ह्यांचा हिंदी चित्रपट 'तुंबाड' (2018) पाहा. त्यात वाडा आहे, पाऊस आहे, तळघर आहे, सोने आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात जे आहे ते सर्व आहे. पण तेथे उतरणारा विनायक परका नाही. सरकारांचा अनौरस मुलगा आहे. वारसा आणि लोभ एकाच जिन्याने खाली जातात. हा समंधाच्या जातीचा विषय आहे, आणि म्हणून तो चित्रपट आपल्यास ओळखीचा वाटतो.

मग वसईच्या कोटाशी समंध कोणाचा? पोर्तुगीज अधिकारी व त्यांची कुटुंबे 1739 च्या तहाप्रमाणे आपली चीजवस्तू घेऊन निघून गेली. त्यांचे वंशज किल्ल्याकडे परतले नाहीत. उरले ते येथलेच लोक: ज्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले असे शेतकरी, कोळी आणि वाडवळ, जे आजही वसईच्या गावांत सामवेदी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्या बोली बोलतात. त्यांचा पूर्वज गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मला, 1597 मध्ये जपानात नागासाकी येथे हुतात्मा झाला आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाला. त्यांच्या दृष्टीने किल्ल्यातील देवळे ही त्यांच्या घरची देवळे आहेत, मोडलेली असली तरी. आणि त्याच पोर्तुगीज अमलात ज्यांची देवस्थाने मोडली गेली त्या लोकांची आठवणही तितकीच खरी आहे. दोन्ही आठवणी एका तालुक्यात, पुष्कळदा एका आळीत राहतात. छळकोठडीतील पाद्री मध्ये घातला की दोन्ही पुसल्या जातात.

घंटांचे उदाहरण घ्यावे. गॉथिक कथेत पडक्या मठाची घंटा मध्यरात्री आपोआप वाजते. वसईच्या मोहिमेतील घंटा मराठ्यांनी काढून देवस्थानांस दिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे तिच्यावर मेरी व बाळ येशू ह्यांची आकृती आणि 1707 हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 आहे. ह्या घंटा कोणास भिववीत नाहीत. त्या दर्शनाला आलेल्या माणसाच्या हाताने वाजल्या. त्यात विजयाचा गर्व आहे, पण धातू चांगला आहे म्हणून जपून ठेवण्याचा घरगुती हिशेबही आहे.

आराखड्यात सर्वांत अधिक खटकली ती पाने. गॉथिक खेळात सापडलेले प्रत्येक पान कबुलीजबाब असते. वसईत पाने नाहीत, शिळा आहेत. जेर्सन द कुन्या ह्यांनी 1876 मध्ये चौल व वसईवरील ग्रंथात त्यांतील बरेच लेख उतरून घेतले. सेंट जोसेफच्या दारावरील लेख 1601 चा आहे. त्याचा आशय इतकाच: दों फ्रेय आलेश्यु द मेनेझिस हे गोव्याचे आर्चबिशप असताना आणि पेद्रु गाल्व्हाँव पेरैरा हे येथील धर्मगुरू असताना ह्या देवळाची फेरबांधणी झाली. थडग्यांवर नावे आहेत, हुद्दे आहेत, कोठे 'आणि तिच्या वारसांची' असे शब्द आहेत.

मागील महिन्यात आम्ही तिघे, तो विद्यार्थी, ती विद्यार्थिनी आणि मी, भर दुपारी तो लेख वाचण्यास गेलो होतो. पोर्तुगीज अक्षरे मी लावीत होतो आणि ती मुलगी प्रत्येक शब्द तिच्या घरच्या बोलीत काय होईल ते सांगत होती. विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले की, देलाँला ठेवले तो तुरुंग नेमका कोठे होता. ती जागा मला दाखविता आली नाही. त्याने वही काढून छळकोठडीचे पान खोडले आणि त्या जागी लिहिले : "एक कैदी. काही दिवस. पुढे गलबत."