पेटीतली हवा आणि कामगाराचा हिशेब



सोलापूरकरांना भोंगा म्हणजे काय हे सांगावयास नको. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली आणि या गावाचा दिवस भोंग्यावर उगवू लागला. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. तोच शब्द आता आपण ध्वनिक्षेपकाला लावतो. मिरवणुकीत आणि घरोघरी खर्जाचा स्वर काढणारी सबवूफरची बंद पेटी हे त्याच कुळातले धाकटे भावंड. तिचा इतिहास चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत लाकूड-लोखंडाशी झटणाऱ्या माझ्या बांधवांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे.

1925 साली अमेरिकेत राईस आणि केलॉग या अभियंत्यांनी आजच्या ध्वनिक्षेपकाचा मूळ नमुना सिद्ध केला. त्याचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जात या दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना मारतात. सेकंदाला 40 कंपनांच्या स्वराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. ती अडवावयाची तर फळी भिंतीएवढी हवी, नाहीतर मागची हवा पेटीत कोंडावयास हवी. परंतु कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी उलट रेटते. म्हणून पेटी कपाटाएवढी करावी लागे.

1954 साली एडगर व्हिलचर यांनी या अडचणीलाच कामाला जुंपले. पडद्याची स्वतःची पकड सैल ठेवावयाची आणि त्याला सावरण्याचे काम पेटीतल्या हवेवर सोपवावयाचे, ही त्यांची युक्ती. व्हिलचर शिक्षक, त्यांच्या वर्गात येणारा हेन्री क्लॉस हा पेट्या बनविणारा तरुण. दोघांनी मिळून पावणेदोन घनफुटांच्या पेटीत कपाटाएवढीचा खर्ज उतरविला. डोके आणि हात एकत्र आले की काय होते, याचे हे उदाहरण.

पण हवा किती कोंडावयाची? ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1972 पासून याचे गणित मांडले, आणि तेही अभियंत्यांच्या नियतकालिकांत सर्वांसमोर. उस्तादाचा अंदाज आता कोणालाही करता येईल असा हिशेब झाला.

तो हिशेब असा. समजा, पडद्याची स्वाभाविक कंपने सेकंदाला 30 आहेत, त्याची पकड 60 लिटर हवेच्या स्प्रिंगइतकी आहे, आणि कारखान्याच्या पत्रकात त्याचा ‘क्यू’ हा आकडा 0.5 दिला आहे. त्याला 60 लिटरची पेटी दिली की एकूण ताठरपणा दुप्पट होतो. कंपने व क्यू दोन्ही दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे 1.41 पटीने वाढतात : कंपने 42, क्यू 0.7. हा स्वर सपाट व स्वच्छ. पेटी 20 लिटरची केली तर ताठरपणा चौपट, कंपने 60, क्यू 1. तेथे आवाज फुगतो व घुमतो.

आता आपल्या सुताराकडे वळू. 50, 40 आणि 30 सेंटिमीटर मापे गुणली की 60 लिटर होतात. पण ही मापे बाहेरून धरून 18 मिलिमीटरचे प्लायवूड लावले, तर आत जेमतेम साडेचव्वेचाळीस लिटर उरतात. चौथा हिस्सा लाकडानेच खाल्ला! त्यातून लोहचुंबक व आधारपट्ट्यांची जागा वेगळी वजा होते. म्हणून माप आतले धरावे, आणि सांधे हवाबंद करावेत.

लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही मागण्या एकदम पदरात पडत नाहीत. दोन घ्याव्यात, तिसरीची किंमत मोजावी. वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाला हा नियम नवा नाही.

ज्याला फक्त करवत चालविता येते त्याला मालक करवतीचे दाम देतो. पेटी 60 लिटरचीच का, हे ज्याला सांगता येते त्याच्याशी मालकाला बोलावे लागते. गणित छापून खुले झाले त्याला अर्धशतक लोटले. ते आपल्या वसाहतीच्या कामाच्या मेजापर्यंत नेणे, हे आपल्या संघटनांचे काम आहे.