जावरच्या खाणी : कथील कीं जस्त?

मेवाडच्या इतिहासासाठीं कर्नल टॉडच्या ग्रंथाचा आधार घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १८२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या खंडांत, जावर येथील कथील व रुपें यांच्या खाणी राणा लाखा यानें प्रथम चालविल्या असें विधान आहे. त्यांतील दोन गोष्टी आम्हांस तपासून पाहावयाच्या आहेत : धातु कोणता, आणि खाणींचा आरंभ कोणाचा? दोहोंचीहि साक्ष बखरींत नसून खडकांत आहे.

जावर हें गांव उदयपूरच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर आहे. मोचिया, जावरमाला इत्यादि तेथील डोंगर अरवलीच्या अतिप्राचीन थरांचे असून त्यांत डोलोमाइट या चुनखडीच्या जातीच्या दगडाचे पट्टे आहेत. सागरतळीं सांचलेला हा दगड पुढें भूगर्भांतील दाबानें दुमडला व भंगला. त्यांतच जस्त व शिसें यांचीं गंधकयुक्त खनिजें सांपडतात. शिशाच्या खनिजांत थोडें रुपें असतें. तेव्हां टॉडचें रुपें खरें. कथिलाची गोष्ट निराळी. त्याचा धातुपाषाण सामान्यतः ग्रॅनाइटाच्या सान्निध्यांत आढळतो, जसा बस्तरांत. जावरच्या डोलोमाइटांत कथिलाची खाण नाहीं. आमच्या मतें सांगणाराच्या जस्ताचें ऐकणाराच्या लेखणींत कथील झालें. दोन्ही धातु पांढुरके. चूक क्षम्य आहे, पण ती चूकच.

जस्त हा मोठा अवघड धातु. धातुपाषाणांतून तो मोकळा होण्यास हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता लागते, आणि ९०७ अंशांवरच त्याची वाफ होते. म्हणजे तांब्यासारखा रस तळाशीं न येतां धातु धुराप्रमाणें उडतो व वारा लागतांच त्याचें भस्म होतें. १९८३ सालीं ब्रिटिश म्यूझियम, बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ व हिंदुस्थान झिंक यांनीं केलेल्या उत्खननांत या अडचणीवरील तोड प्रत्यक्ष सांपडली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टींत ३६, तोंडें खालीं करून बसविलेल्या. मूस उलटी करतांना माल सांडूं नये म्हणून नळींत काडी. वर विस्तव, मध्यें सच्छिद्र विटा, खालीं थंड खण. वाफ खालीं उतरावयाची व तेथें थिजावयाची. रसरत्नसमुच्चयांत खर्पराचें सत्त्व काढण्यास ‘वृंताक’ मूषा सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगेंच. ग्रंथ व भट्टी यांचा असा मेळ क्वचितच दृष्टीस पडतो! ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनला १७३८ सालीं ज्या कृतीचें पेटंट मिळालें, तींतहि वाफ खालींच उतरविलेली आहे.

आतां आरंभाविषयीं. जावरमाल्याच्या जुन्या खाणींतील लांकडांचा काल किरणोत्सारी कर्बावरून काढला असतां तो सुमारें दोन हजार वर्षांमागें गेला. राणा लाखा तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आला. या खाणी पूर्वीपासून ऐकिवांत होत्या असें स्वतः टॉडहि सुचवितो, व तो मुलूख लाखाच्या बापानें भिल्लांपासून घेतला हेंहि सांगतो. पण तिकडे लक्ष कोण देतो? राण्यास श्रेय द्यावयाचेंच तर जस्ताच्या भट्ट्यांच्या भरभराटीचें द्यावें, कारण मोठ्या प्रमाणावरील जस्त गाळण्याचा काल चौदाव्या शतकाच्या सुमाराचा ठरतो. डोंगर पोखरणारे त्याच्या कितीतरी आधींचे.

एकदां वापरलेली मूस पुन्हां कामास येत नसे. जावरच्या जुन्या घरांच्या कित्येक भिंती अशा टाकाऊ मुशींच्याच रचलेल्या आहेत.