‘अल्सेशियन’ : एका नावाची कुळकथा

उभ्या कानांचा, लांडग्याच्या तोंडवळ्याचा, काळ्या-तांबूस रंगाचा धिप्पाड कुत्रा दिसला की आपल्याकडची जुनी पिढी त्याला चटकन ‘अल्सेशियन’ म्हणते. अल्सेशियन म्हणजे अल्सास प्रांतातला. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरील या प्रांतासाठी दोन्ही राष्ट्रे पिढ्यान् पिढ्या झगडली. परंतु या कुत्र्याचे कूळ मात्र त्या प्रांतातले नव्हे. हे नाव त्याला मिळाले ते महायुद्धाने पेटवलेल्या द्वेषामुळे.

त्याचे मूळ नाव साधे आहे: जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. जर्मनीतील शेतांना बहुधा कुंपणे नसत. एका बाजूस चराऊ कुरण, दुसऱ्या बाजूस उभे पीक, आणि दोहोंच्या मध्ये केवळ नांगराचा एक तास. त्या तासावरून अखंड येरझारा घालून मेंढरांना पिकात शिरू न देणे, हे या कुत्र्याचे काम. तो जणू चालते कुंपणच होता. माक्स फॉन श्टेफानिट्स या घोडदळातील अधिकाऱ्याने या कुत्र्यांची एक निश्चित जात घडविण्याचे मनावर घेतले. १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात त्याने ‘हेक्टर’ नावाचा कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव ‘होरांड’ ठेवले, आणि त्याच महिन्यात संस्था स्थापून तिच्या वंशनोंदवहीत पहिली नोंद त्याची केली. कुत्र्याची किंमत त्याच्या रूपात नसून कामात आहे, असा श्टेफानिट्सचा आग्रह असे. कारखानदारी वाढून मेंढपाळी मागे पडू लागली, तेव्हा त्याने या कुत्र्याला पोलिसांच्या आणि सैन्याच्या चाकरीत आणले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. निरोप पोचविणे, पहारा करणे, रणांगणावर पडलेल्या जखमींचा शोध घेणे, अशी कामे जर्मन सैन्यात हा कुत्रा करू लागला. ब्रिटिश सैनिकांनी त्याची हुशारी पाहिली आणि युद्धानंतर हे कुत्रे इंग्लंडात जाऊ लागले. परंतु त्या देशात तेव्हा ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला होता. १९१७ साली खुद्द राजघराण्याने आपले जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव धारण केले होते. तेथे कुत्र्याची काय कथा! १९१९ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याची नोंद ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ अशी केली. १८७१ पासून जर्मनीकडे असलेला अल्सास प्रांत नुकताच फ्रान्सकडे परत आला होता. त्यामुळे हे नाव कानाला खटकणारे नव्हते. पुढे ‘वुल्फ’ हा शब्दही गळला, कारण लोकांना त्यात लांडग्याचे रक्त असल्याचा संशय येई. अमेरिकेतही १९१७ साली ‘जर्मन’ हे विशेषण वगळण्यात आले. ते १९३१ साली परत आले.

माणसे नावावरून भांडत असता कुत्रा आपले काम करीतच होता. १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पंधरा वर्षांनी, १९३१ साली, इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या वॉलसी गावी ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्या चार अंध माणसांच्या हाती देण्यात आल्या. चौघीही अल्सेशियनच होत्या. एके काळी मेंढराला नांगराचा तास ओलांडू न देणारी सावधता आता आंधळ्या धन्याला रस्त्याच्या कडेशी थांबवू लागली. शत्रूच्या ज्या कुत्र्याचे खरे नाव उच्चारणेही नकोसे वाटले होते, त्याच्याच डोळ्यांनी ही माणसे रस्ता ओलांडू लागली.

इंग्रजी अमलात हे नाव इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले आणि मराठीत रुळले. ज्यांनी ते दिले, त्यांनी मात्र १९७७ साली जर्मन मेंढपाळाचा कुत्रा हे मूळ नाव पुन्हा स्वीकारले, आणि कंसात उरलेला ‘अल्सेशियन’ हा शब्दही २०१० साली काढून टाकला. आपल्या बोलण्यात तो अजूनही ऐकू येतो. शत्रुत्व सरले, तहही इतिहासजमा झाले. पण रागाच्या भरात ठेवलेले एक नाव, ज्यांचा त्या रागाशी संबंध नव्हता अशा लोकांच्या तोंडी राहिले. इतिहास ग्रंथांतून जसा टिकतो, तसा तो आपण सहज उच्चारलेल्या एखाद्या शब्दातूनही टिकतो.